विकत घेतलेली शांतता

१

जनेल लाहतीच्या गाडीला एक वाईट खोड होती. फोनची वायर जोडून किल्ली फिरवली की स्टिरिओ कुणाला काही विचारायचाच नाही. फोनमधली विकत घेतलेली सगळी गाणी मुळाक्षरांच्या क्रमानं लावायचा, आणि पहिलं जे सापडेल ते दणक्यात सुरू करायचा. पहिलं गाणं होतं तिच्या नवऱ्यानं, कर्टनं, त्यांच्या लग्नातल्या नाचासाठी घेतलेलं. नाव A पासून सुरू होणारं, आणि सुरुवातीलाच चार ट्रम्पेट एकदम किंचाळणारे. लग्नात त्यावर दोघं बेभान नाचली होती. आता मात्र तेच गाणं लागलं की जनेलला रडू फुटायचं, कारण मागच्या सीटवर ओटिस असायचा.

ओटिस सात महिन्यांचा. किती वर्षं वाट पाहून झालेला, म्हणून घरात सगळ्यांचा जीव त्याच्यावर टांगलेला. पण झोपेच्या बाबतीत हे पोर म्हणजे पक्का वैरी! पाळणा नको, झोका नको, मांडी नको. डोळा लागायचा तो फक्त चालत्या गाडीत. तिथेही मध्येच जनेल दूध घ्यायला थांबली, परत येऊन किल्ली फिरवली, की ट्रम्पेट! आणि मग सासूच्या गावापर्यंत, निगॉनीपर्यंत, नुसता टाहो.

"मग उडव ना ते गाणं," कर्ट म्हणाला.

"उडवलं की त्याच्या खालचं वाजतं. तू घेतलेलंच. तुझ्या त्या हरणांच्या शिकारीचं."

"ते चांगलंय की."

"कर्ट, त्यात बंदूक वाजते!"

"मग आवाज कमी ठेव."

"एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्या हातात किल्ली, नाकावर बर्फ, आणि आवाजाचं बटण आठवायचं? तू आठवून दाखव एकदा."

आणि मग एका दुपारी तिला खजिना सापडला. तिच्यासारखे गांजलेले लोक जगात पुष्कळ असणार, कारण कुणीतरी चक्क शांतता विकायला ठेवली होती. दहा मिनिटांची. नावाच्या सुरुवातीला नुसते A च A, म्हणजे क्रमात सगळ्यात वर जाऊन बसावी. जनेलनं ती तिथल्या तिथे विकत घेतली आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या दोन उड्या मारल्या.

"शांतता विकत आणलीस?" कर्ट पोट धरून हसला. "आधी पाणी बाटलीत भरून विकलं, आता हे. आवडली नाही तर परत घेतात का गं?"

"हस. उद्या तुझा मुलगा झोपला की हस."

२

आणि खरंच झोपला हो! दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरली, स्क्रीनवर सगळे A एका ओळीत उभे राहिले, आणि गाडीत काही म्हणजे काही वाजलं नाही. नुसता हीटरचा वारा आणि टायरखाली करकरणारा बर्फ. ओटिसची सीट मागे, जनेलच्या शेजारच्या सीटच्या पाठीमागे, पोराचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे. त्याच्यासमोर एक छोटा आरसा बांधलेला होता, म्हणजे पुढच्या आरशात पाहिलं की जनेलला त्याचा चेहरा दिसायचा. पापण्या जड झाल्या, मिटल्या, मिटलेल्याच राहिल्या. जनेलला ओरडावंसं वाटत होतं, इतका आनंद झाला होता. तिनं नुसतीच स्टिअरिंगवर मूठ आपटली, तीही हळू.

तेवढ्यात तिच्या पाठीमागे आवाज झाला. सर्रर्र, आणि मग खट्.

हा आवाज कुणालाही ओळखू येतो. सीटबेल्ट ओढला आणि लावला.

जनेलनं वळली तेवढी मान वळवून पाहिलं. तिच्या पाठीमागची सीट रिकामी होती. तिथे तिची पर्स होती आणि ओटिसची डायपरची पिशवी. ती स्वतःशीच हसली. फुकटच्या शांततेत कचरा असतो म्हणतात, इथे तर विकतच्यातही आहे. कुणीतरी आपल्या गाडीत बसून शांतता रेकॉर्ड केली असणार आणि शेवटी बेल्ट लावला असणार. बस्स, एवढंच.

निगॉनीला सासूच्या दारात गाडी थांबली तेव्हा डोरीन पायात नुसत्या घरातल्या सपाता घालून धावत बाहेर आली.

"झोपलाय? खरंच झोपलाय? हात लावू नकोस, मी उचलते. काय केलंस तरी काय पोरी?"

"शांतता विकत घेतली, डोरीन."

"मला मेलीला चाळीस वर्षांत नाही सुचलं," डोरीन म्हणाली, आणि नातवाला असं उचललं की पापणीसुद्धा हलली नाही.

३

पुढचे दिवस म्हणजे नुसती चैन. ओटिसला डोरीनकडे सोडून कामावर गेली की चष्म्याच्या दुकानात जनेल चक्क गाणं गुणगुणत गिऱ्हाइकांच्या नाकांची मापं घेऊ लागली. ओटिस जाताना झोपायचा, येताना झोपायचा. रविवारी कर्ट खाणीतून सुटला की दोघं मांस-बटाटा भरलेल्या गरम पेस्टी घेऊन जवळच्या सरोवराच्या काठानं मुद्दाम लांबचा फेरा मारायची, तेव्हाही झोपायचा. बेल्टचा आवाज रोज यायचा. कर्ट बरोबर असला की मात्र यायचा नाही.

मग त्या आवाजामागे आणखी एक आवाज आला. गुणगुणणं.

फार हळू. बाईचा की पुरुषाचा, सांगता येऊ नये असा. दोनच ओळींची चाल. पहिली ओळ वर जायची, दुसरी आणखी वर जायची, आणि शेवटचा सूर यायच्या आधीच थांबायची. परत पहिल्यापासून. जनेलचा जीव त्या न आलेल्या सुरापाशी अडकून पडायचा. दुकानात, आंघोळीत, भांडी धुताना ती तो सूर मनातल्या मनात लावून पाहायची आणि मगच तिला बरं वाटायचं.

घरी तिनं कानात हेडफोन घालून ती दहा मिनिटं पुरी ऐकली. काही नव्हतं. बेल्ट नाही, चाल नाही. कर्टनं ती फाइल कॉम्प्युटरवर उघडली. आवाज असेल तिथे रेघ डोंगरासारखी वर जाते म्हणे. इथे या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळसोट रेघ.

"यात माशीसुद्धा शिंकलेली नाही," कर्ट म्हणाला. "तुझी झोप झाली नाहीये, राणी. बाकी काही नाही."

"माझी झोप झालीये. सात महिन्यांत पहिल्यांदा झालीये."

"मग जुनी गाडी आहे. स्टिरिओत शेजारच्या गाडीचं काहीतरी घुसत असेल."

ते जनेलला पटलं. पटवून घेतलं म्हणा. पोरगं झोपतंय, मग कशाला उगाच नसत्या शंका काढायच्या? खरं सांगायचं तर तिला ती चाल आवडायला लागली होती. आरशात ओटिस झोपेत हसायचा, आणि मान अलीकडे, रिकाम्या सीटकडे कललेली असायची.

४

एके दिवशी डोरीनच्या दारात तिनं पांघरूण बाजूला केलं, तर ओटिसच्या छातीवरची क्लिप उघडी. दोन्ही पट्टे खांद्यांवरून खाली सरकलेले.

एवढ्या निसरड्या रस्त्यावर तिनं गाडी आणली होती! नुसता एक ब्रेक दाबला असता तर?

"डोरीन, काल तुम्ही याला फुगीर कोटासकट बांधलंत ना? शंभरदा सांगितलंय. कोट आत असला की पट्टा घट्ट वाटतो, पण असतो सैल. आधी पोर बांधायचं, कोट मग वरून पांघरायचा."

"बाई गं, चुकले होते मी एकदा, नोव्हेंबरात," डोरीन दुखावली. "त्यावर तू मला आख्खं व्याख्यान दिलंस, तेव्हापासून कानाला खडा. आणि काल संध्याकाळी बांधलं असेन मी, आज सकाळी कुणी बांधलं?"

आज सकाळी जनेलनंच बांधलं होतं. क्लिपचा आवाज ऐकला होता. दोनदा ओढून पाहिलं होतं.

त्या संध्याकाळी परतताना तिनं एक गोष्ट केली. स्टिरिओत आवाज मागच्या स्पीकरांवरून पुढे आणायची सोय असते. तिनं सगळा आवाज पुढे आणला. सर्रर्र, खट्. पाठीमागेच. तिनं आवाज कमी करायला घेतला. स्क्रीनवरचे आकडे उतरत उतरत शून्यावर आले. स्टिरिओ पुरता मुका झाला.

गुणगुणणं चालूच होतं.

समोरच्या वेगाच्या काट्याजवळ एक छोटं हिरवं चित्र उजळलेलं होतं, मागच्या सीटवर कुणी बेल्ट लावला की उजळतं ते. ओटिसची सीट बेल्टनं बांधलेली नव्हती, खालच्या कड्यांना अडकवलेली होती. चित्र तिच्या पाठीमागच्या सीटचं होतं. कॉफी सांडली होती तिथे एकदा, ती घाईघाईनं आठवू लागली, तारा खराब झाल्या असतील, कॉफीनं होतं असं.

पण आता तिला कळलं होतं. हा आवाज तिनं विकत घेतलाच नव्हता. तो या गाडीत आधीपासून होता. जुनी गाडी घेतली त्या दिवसापासून ट्रम्पेटांच्या कलकलाटात तो ऐकू येत नव्हता, एवढंच. शांततेनं काही आणलं नव्हतं. शांततेनं नुसतं ऐकवलं होतं.

आणि सात महिने ओटिस गाडीत रडत होता तो ट्रम्पेटांना, असं सगळे समजत होते.

५

"शनिवारी मी गाडी विकून टाकतो," कर्ट म्हणाला. त्याला पटलं नव्हतं काहीच, पण बायकोचा चेहरा पाहून तो हसायचं विसरला होता. "शनिवार म्हणजे परवा. उद्याचा एक दिवस काढ कसा तरी. माझी खाणीत पाळी आहे, मला माझा पिकअप ट्रक लागणारच."

सकाळी तिनं शांतता पुसून टाकली आणि लग्नाचं गाणं लावलं, पूर्ण आवाजात. चार ट्रम्पेट किंचाळले, ओटिस किंचाळला, आणि जनेल त्या दोघांवर ताण करून गायला लागली. ये, आता गुणगुणून दाखव! तिला भलताच चेव चढला होता. दोन वळणं गेली, तीन गेली. मग तिच्या मनात आलं, की आता क्लिप उघडली तर ती आपल्याला ऐकूही येणार नाही.

तिनं घाईघाईनं गाणं बंद केलं. शांतता हवी होती. त्याच्यासाठी नाही, तिला स्वतःला, पहारा करायला.

ओटिस रडायचा थांबला होता. गुणगुणणं सुरू होतं. वर, आणखी वर, आणि थांबलं.

सरोवरावरून आलेला बर्फ आडवा मारा करत होता. एका वायपरवर बर्फाचा गोळा गोठला आणि काच धूसर झाली. तिकडचा कुणीही माणूस जे करतो तेच तिनं केलं, सवयीनं, विचार न करता. चर्चच्या रिकाम्या आवारात गाडी लावली, इंजिन चालू ठेवलं, खाली उतरून वायपर उचलला आणि काचेवर दोनदा आपटला. गोळा सुटला. मागे वाऱ्यानं तिचं दार धाडकन लागलं.

आणि चारही दारांची कुलपं एकदम बसली.

"नाही," जनेल म्हणाली. "नाही, नाही, नाही!"

किल्ली आत. फोन आत. पोरगं आत. तिनं दार ओढलं, काचेवर मुठी मारल्या, ओटिस, ओटिस म्हणून हाका मारल्या. चर्चच्या दाराला कुलूप, रस्त्यावर चिटपाखरू नाही. ती गाडीच्या मागे धावली आणि मागच्या काचेवरचा बर्फ हातांनी ओरबाडून काढला.

ओटिस जागा होता. तो तिच्याकडे पाहत नव्हता. शेजारी पाहत होता, आणि हसत होता, अगदी हुरळून, सगळ्या हिरड्या दाखवून. त्याच्या अंगावरचं पांघरूण एका कोपऱ्यातून हळूच वर उचललं गेलं. झोपलेलं मूल बघायला आपण उचलतो ना, तसंच, जपून. छातीवरची क्लिप सुटली. पट्टे बाजूला झाले. काचेवर जनेलच्या श्वासाची वाफ धरली. ती पुसेपर्यंत जेवढा वेळ गेला तेवढाच गेला.

वाफ पुसून ती ओटिसच्या बाजूच्या काचेशी धावली, तेव्हा पोरगं जिथल्या तिथे बसलेलं होतं, आणि छोट्या आरशात दिसत होतं. त्या आरशात ओटिसच्या गालाला गाल लावलेलं काहीतरी होतं. पांढरं नव्हे, काळंही नव्हे. तोंड असेल तिथे ते उघडं होतं, आणि ओटिसनंही तोंड उघडलं होतं.

मग कुलपं सुटली. सगळी एकदम, खट्.

जनेलनं दार उपसून काढलं म्हणायचं. पोराला छातीशी घेतलं, कोटात घातलं, आणि बर्फात उभी राहून त्याच्या टाळूचे मुके घेत राहिली. ऊबदार होता. श्वास घेत होता. पलीकडे, ड्रायव्हरच्या मागचं दार जरासं उघडं होतं. ती भीत भीत वळसा घालून तिकडे गेली. दारापाशी ताजा बर्फ पसरला होता. त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

६

पोराला घेऊन चालत जावं असा बर्फ नव्हता. गाडी चालवणं भाग होतं. तिनं ओटिसला बांधलं, तीनदा ओढून पाहिलं, आणि गोगलगायीच्या वेगानं घराकडे निघाली. कान सगळे पाठीमागे.

काही नाही. बेल्ट नाही. हिरवं चित्र नाही. चाल नाही. वळण गेलं, पूल गेला, पेट्रोल पंप गेला, तरी काही नाही. नुसता हीटरचा वारा आणि टायरखालचा बर्फ. आरशात ओटिस शांत बसला होता, झोपला नव्हता, रडतही नव्हता, समोर पाहत होता. जनेलला आधी हुंदका आला आणि मग हसू. ते दार उघडलं तेव्हाच गेलं असणार! ती मोठ्यानं हसत, डोळे पुसत, गाडी हाकत राहिली. गेलं! सुटलो!

कर्ट कामाला निघायच्या बेतात होता. ती पोराला घेऊन आत घुसली ती ओरडतच.

"गेलं, कर्ट! गाडीत आता काही नाही! मी सगळा रस्ता ऐकत आले, एवढासुद्धा आवाज नाही! उद्या विक, नाहीतर आत्ता विक, पण ते गेलं!"

"बरं, बरं, आधी बस. दे इकडे त्याला. अगं, गोठलेत तुझे हात." कर्टनं ओटिसला घेतलं आणि उंच धरलं. "काय रे गड्या? काय केलंस आईचं?"

ओटिसनं बापाकडे पाहिलं. तोंड थोडं उघडलं. आणि गुणगुणायला लागला.

"जनेल!" कर्ट एकदम उडालाच. "अगं ऐकतेस का? हा गातोय! सात महिन्यांचं पोर गातंय! फोन आण, फोन आण आधी, माझ्या आईला ऐकवायचंय! कुठे शिकला हे?"

पहिली ओळ वर गेली. दुसरी आणखी वर गेली. आवाज बाळाचाच होता, बारीक, थोडा ओला. जनेल दारापाशी उभी होती, हातमोजे अजून हातात. चाल नेहमीच्या जागी येऊन थांबली.

ओटिसनं बापाच्या खांद्यावरून मान वळवली. तिच्याकडे नीट पाहिलं.

मग त्यानं शेवटचा सूर लावला. आंघोळीत, दुकानात, भांडी धुताना तिनं मनात लावून पाहिला होता, अगदी तोच.

"परत!" कर्ट आनंदानं ओरडला. "परत एकदा गा रे, राजा! आई ऐकतेय बघ!"